ट्रेलरच्या नाकावरचं वजन

ओमानच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर खिडकीच्या काचा बाहेरून घामेजतात. आत एसी, बाहेर समुद्राची दमट हवा. सकाळी पडदा सरकवला की समोरची इमारत दुधातून पाहावी तशी दिसते. मग नोव्हेंबरच्या तोंडावर एखाद्या सकाळी पडदा सरकवावा तर काच कोरडी असते. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी स्वच्छ दिसते आणि तिच्या मागे, लांबवर, डोंगरांची निळी कड. त्या सकाळी सोहारमधला प्रत्येक माणूस आपापल्या परीने खूश होतो. शेजारी खिडक्या उघडतात, रस्त्याच्या कडेला पिकअप उभ्या करून माणसं जळाऊ लाकडाच्या मोळ्या विकू लागतात, आणि मी खाली जाऊन ट्रेलरवरची ताडपत्री काढतो.

मला त्या सकाळी आनंदाच्या आधी हेमंत आठवतो. आठवतो म्हणणंही तसं बरोबर नाही. तो तिथे असतोच. ताडपत्री काढली की दिसतो.

ट्रेलर लहान आहे. एक आस, दोन चाकं, आत चौघांना झोपता येईल इतकी जागा आणि मागच्या अंगाला वर उचलायचं दार. ते दार उघडलं की स्वयंपाकाचा छोटा ओटा. कायमच्या भारतात परत चाललेल्या एका कुटुंबाकडून मी तो घेतला तेव्हा आमची रेवा सातवीत होती, आणि तिला वाटलं आपण दुसरं घरच घेतलं. पहिले काही दिवस ती गृहपाठही त्यातच बसून करायची. माधवी, माझी बायको, वरच्या बाल्कनीतून तिला जेवायला हाक मारायची आणि खालून उत्तर यायचं, "आय ॲम नॉट ॲट होम, आई."

ताडपत्रीखालून निघालेल्या ट्रेलरला एक वास असतो. तापलेलं रबर, जुनी चहापत्ती, थोडी वाळू. इथे ट्रेलरचे टायर चालून झिजत नाहीत, उभ्या उभ्या मरतात. वरची नक्षी नवी कोरी असते आणि बाजूच्या भिंतीला उन्हाने केसासारख्या भेगा गेलेल्या असतात. नक्षी बघून फसणारे पुष्कळ आहेत. मी गुडघ्यावर बसून भेगा बघतो. मग चाकांच्या बेअरिंगमधलं जुनं ग्रीस काढून नवं भरतो, हवा मोजतो, दिव्यांची वायर गाडीला जोडतो. माधवी गाडीत बसून ब्रेक दाबते, मी मागे उभा राहतो. "लागला?" "लागला." "आता डावा." "डावा लागला." आमच्या संसारात याहून कमी भांडणाचा अर्धा तास दुसरा नसेल.

माझं काम वजनकाटे तपासण्याचं आहे. औद्योगिक वसाहतीतल्या एका धातूच्या कारखान्यात ट्रक जातो तो काटा आणि प्रयोगशाळेत चिमूटभर पूड मोजतात तो काटा, दोन्ही खरं सांगतात की नाही हे मी बघतो. त्यामुळे असेल, पण ट्रेलर आल्या दिवशी मला त्याचं मर्म कळलं. ते त्याच्या नाकात आहे. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, लिंबाहून थोडा मोठा. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या टोकाला वाटी असते. वाटी गोळ्यावर बसवायची, खटका दाबायचा, खटक्यात पिन घालायची, खालून दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवायच्या. याला सगळे हिच लावणं म्हणतात आणि ते कुणालाही शिकता येतं. पण त्या टोकावर वजन किती पडतंय ते कुणी बघत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे पडायला हवा. सामान मागे जास्त झालं तर नाक हलकं होतं, आणि मग एका वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. एकदा तो हलू लागला की गाडी ट्रेलरला ओढत नाही, ट्रेलर गाडीला ओढतो. म्हणून मी घरातला, बाथरूमबाहेर ठेवायचा वजनकाटा खाली नेतो, नाकाखाली ठेवतो आणि आकडा बघूनच जोडतो. आमच्या गटात यावर विनोद झाले. "विन्या, ट्रेलरला डाएटवर ठेवलंयस काय?" हा हेमंतचा. तेव्हा मीही हसलो होतो.

आमचा गट म्हणजे सोहारमधली पाच-सहा मराठी कुटुंबं. हिवाळ्यात दोनदा तरी बाहेर पडायचं, समुद्रावर नाहीतर बिदियाच्या वाळवंटात. हेमंत आमचा पुढारी. तशी निवडणूक कुणी घेतली नव्हती. मूळचा पुण्याचा, बंदराकडे एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आवाज मोठा, गाडी मोठी, आल्यागेल्याला हाताला धरून जेवायला बसवणारा. लोकांना तो आवडतो. मलाही आवडायचा.

आणि आमच्या लोकांची एक रीत आहे. गाडी कुठेही थांबो, तंबू लागो न लागो, आधी चहा. त्यासाठी चहाचं सामान सगळ्यात शेवटी चढवायचं, म्हणजे ते सगळ्यात आधी निघतं. चहाचं सामान म्हणजे नुसती पत्ती-साखर नव्हे. शेगडी, सिलिंडर, पिण्याच्या पाण्याचे मोठे बाटले, आणि 'असू दे जवळच' असं म्हणत त्यांच्या सोबतीने तांदूळ, कुकर, कांदे-बटाट्यांची गोणी. हे सगळं मागच्या दारात. जगात लोक ट्रेलर उलटवतात ते झोप लागून किंवा वेगाच्या नादात. आम्ही चहासाठी उलटवला.

एका हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही बिदियाला निघालो होतो. पाणी आणि जड सामान मी पुढच्या कप्प्यात भरलं होतं, नाकाचं वजन पाहिलं होतं. वाटेत बरका गावी थांबलो, कारण हेमंतला तिथल्या बाजारातून सुरमई घ्यायची होती. मी रेवाला घेऊन पलीकडच्या दुकानात पाव आणायला गेलो. परत आलो तेव्हा चहा तयार होता. मला कप मिळाला, मी प्यायलो. त्या चहासाठी पाण्याचे बाटले पुढच्या कप्प्यातून काढले होते आणि मग 'असू दे जवळच' म्हणून मागे ठेवले होते, हे कुणी बोललं नाही. मागचं दार बंद होतं. मी फेरी मारली: खटका, पिन, साखळ्या. सगळं जागच्या जागी.

बरका मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि ट्रेलर आधी आरशात हलला. मग स्टिअरिंगमध्ये. मग पाठीत. मी पाय उचलला, ब्रेक दाबला नाही, पण तोवर त्याचं एक चाक डांबर सोडून वाळूत गेलं आणि तो कुशीवर आडवा झाला. गाडी तिरकी होऊन थांबली. आमच्यापैकी कुणाला खरचटलंही नाही. हे आधी लिहितो, कारण ऐकणारा आधी तेच विचारतो, आणि तेच विचारायला हवं. एक ओमानी गृहस्थ पिकअप थांबवून धावत आले. त्यांनी आधी रेवाला पाहिलं, मग माधवीला, मग मला. "बच्ची ठीक? सब ठीक? अल्हम्दुलिल्ला. सामान छोडो, खलास." मागचं दार उघडून पडलं होतं. वाळूत बर्फ, बर्फावर सुरमई, सुरमईवर तांदूळ.

हेमंतची गाडी मागून आली. तो उतरला, त्याने आडव्या ट्रेलरकडे पाहिलं आणि म्हणाला, "विन्याने हिच नीट लावली नाही वाटतं."

ते 'वाटतं' पुढच्या गाडीपर्यंत पोचेतो गळून पडलं.

वाटी गोळ्यावरच होती. पुढचा दांडा वाकला होता, पण खटका बंद होता, पिन पिनेच्या जागी होती. मी ओरडून सांगत होतो, या, इथे येऊन बघा. कुणी आलं नाही. सगळे वाळूतून मासे वेचत होते. मी विचारलं, "मागे काय भरलंत?" शुभांगी, हेमंतची बायको, म्हणाली, "आता ते जाऊ द्या ना भाऊजी, जीव वाचले." या वाक्यापुढे कुणाला काही बोलता येत नाही.

रेवा गाडीतच होती. गाडी थांबल्यावरही ती दोन्ही हातांनी बेल्ट धरून बसली होती. बोटं सोडवून घ्यावी लागली. परत निघताना तिने शांतपणे सांगितलं, "मी हेमंतकाकांच्या गाडीत बसते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती.

माझ्या उजव्या हाताची सीट तिची होती. माधवीला मागे पाय पसरून बसायला आवडतं. रेवा पुढे बसून रस्त्यावरच्या अरबी पाट्या मोठ्याने वाचायची आणि मी खालच्या इंग्रजीवरून तिचं वाचन तपासायचो. त्या दिवसानंतर ती शाळेत जायला, बाजारात जायला माझ्याबरोबर यायची. गावाबाहेरच्या रस्त्याला गाडी लागणार असेल तर काहीतरी निमित्त निघायचं. पेपर, डोकेदुखी, सानिकाच्या गाडीत जागा आहे. सानिका म्हणजे हेमंतची मुलगी. मला कुणाची माफी नको होती. मला त्या सीटवर माझी मुलगी हवी होती, आणि ती हेमंतने एका वाक्यात उठवून नेली होती.

गणपतीत आरतीच्या आधी हेमंत म्हणायचा, "विन्या, पाट तू बसवलास ना? मग जरा सांभाळून रे सगळे." दिवाळीत फराळाच्या वेळी, "विन्याला डब्याचं झाकण लावायला देऊ नका." सगळे हसत. मी हसलो नाही तर चिडका ठरत होतो, आणि हसलो तर कबुली दिल्यासारखं होत होतं. मी हसत होतो.

ज्या हिवाळ्याबद्दल मला लिहायचं आहे तो यानंतरचा. पण त्याची तयारी उन्हाळ्यात झाली.

बाहेर डांबर मऊ होत असताना मी आणि सावंत त्याच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये ट्रेलर दुरुस्त करत होतो. सावंत मालवणकडचा, फॅब्रिकेशनमध्ये फोरमन, आमच्याच गटातला. वाकलेला दांडा त्याने कापून नवा बसवला. मी त्याला पिन दाखवली, वाटी दाखवली. तो म्हणाला, "माका कळता रे. पण मी मासे वेचीत होतंय." मग बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "तुजो राग ग्रीससारखो नाय हां. ग्रीस उन्हात तरी पातळ होता."

माधवीचं म्हणणं वेगळं होतं. "तू एकदा त्याच्याशी कडकडून भांड आणि मोकळा हो."

"भांडलं की मिटतं."

"मग बरंच की."

"मला मिटवायचं नाहीये."

ती भाजी चिरायला लागली.

सूड हा शब्द मोठा आहे, त्याला तलवारीचा आवाज येतो. माझ्याकडे होतं ते एक वाक्य. "काय हेमंत, हिच नीट लावली होतीस ना?" कारखान्यात जाता-येता मी ते गाडीत एकटा असताना म्हणून बघायचो. कधी हसत, कधी सहज, कधी काळजीच्या सुरात. काळजीचा सूर सगळ्यात जास्त लागेल असं माझं मत झालं. डोळ्यांपुढे चित्रही होतं: हेमंतची मोठी गाडी रस्त्याकडेला उभी, त्याचा चेहरा पांढरा, मागे ट्रेलर डुलत डुलत नुकताच थांबलेला. चित्रात कुणाला काही होत नाही. मी मागून येतो, काच खाली करतो आणि ते वाक्य म्हणतो. एवढंच. एसीने काचा घामेजत होत्या, बाहेर सत्तेचाळीस अंश होते, आणि मला आतून गार वाटत होतं.

आणि मग तशी संधी आपणहून चालून आली. दिवाळीनंतर हेमंतच्या घरी सगळे जमलो, तेव्हा तो म्हणाला, "या वर्षी ट्रेलर माझ्या गाडीला. विन्या, तू फक्त धुऊन-पुसून आण. लावायचं आम्ही बघतो." लोकांना सुटल्यासारखं झालं, ते चेहऱ्यांवर दिसलं. मी म्हणालो, "चालेल." माधवीने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या लवकर कशालाच हो म्हणत नाही.

निघायच्या सकाळी आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या होत्या. हवा अशी की श्वास घेतलेला कळावा. हेमंतने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. ट्रेलर अजून जोडलेला नव्हता. त्याचं नाक पुढच्या छोट्या चाकावर टेकलेलं होतं, मोठ्या चाकांना मी लाकडी ठोकळे लावले होते. आणि सामान चढू लागलं. शुभांगी मागच्या दारापाशी उभी राहून सांगत होती, "चहाचं मागे, चहाचं मागे." सिलिंडर गेला. शेगडी गेली. पाण्याचा एक बाटला, दुसरा, तिसरा, चौथा. तांदूळ. कुकर. मी हातात कप घेऊन उभा होतो. प्रत्येक वस्तू आत गेली की मला नाक हलकं होताना जाणवत होतं, कुणाच्या खांद्यावरचा हात हळूहळू उचलला जावा तसं. मी तोंड उघडलं नाही. इतकं गोड गप्प बसणं माझ्या वाट्याला फार कमी वेळा आलं आहे.

तेवढ्यात रेवा माझ्या शेजारून गेली. खांद्याला तिची पिशवी. या वर्षी ट्रेलर माझ्या मागे नव्हता, माझी गाडी मोकळी होती. मी धरून चाललो होतो की ती आज माझ्या शेजारी बसेल. तिने हेमंतच्या गाडीचं दार उघडलं आणि पिशवी आत टाकली. "बाबा, मी सानिकाबरोबर बसते. ओके ना?"

ती पिशवी त्या गाडीत गेली नसती तर मी बोललो असतो का? बोललो असतो, माझं कामच ते आहे, आणि त्या गाडीत शुभांगी होती, सानिका होती. पण किती वेळाने बोललो असतो ते मला सांगता येत नाही. मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. उत्तर मिळत नाही, म्हणून विचारणं सोडलं.

"थांबा," मी म्हणालो.

"काय रे विन्या? परत नारळ फोडायचाय का?" हेमंत. लोक हसले.

"रेवा, इकडे ये. हे नाक उचल."

"मी?"

"एका हाताने."

तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग वाकून दांड्याला हात घातला आणि उचललं. ते आलं. बाराशे किलोंच्या आसपासचा तो ट्रेलर पुढून असा वर आला की मागे भांडी खडखडली. रेवाने घाबरून हळूच खाली ठेवलं. "बाबा, इट्स सो लाइट."

मी घरातला काटा नाकाखाली ठेवला. अठरा किलो. इथे राहणाऱ्या माणसाने विमानतळावर तीस किलोंची बॅग किती वेळा उघडून पुन्हा भरलेली असते. अठरा किलो म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून द्यावं लागलं नाही.

"याला निदान एकशे वीस लागतात," मी म्हणालो. "असाच रस्त्याला लागला तर बरक्याच्या आत मागून डुलायला लागेल. चहाचं सगळं सामान पुढे घ्या."

"अरे पण मग थांबल्यावर चहा..." शुभांगी म्हणाली.

"चहाला उशीर होईल वहिनी."

सामान पुढे गेलं. चारही बाटले, सिलिंडर, तांदूळ. सावंत आणि मी ते हलवत होतो. मग मी म्हणालो, "हेमंत, आता तू उचल."

तो वाकला. एका हाताने, मग दोन हातांनी. नाक जागचं हललं नाही. त्याची मान लाल झाली. मी त्याला सोड म्हणू शकलो असतो. "जरा जोर लाव," मी म्हणालो. त्याने लावला. मी आणखी थोडं थांबलो, गरजेपेक्षा जास्त. मग काटा सरकवला. सव्वाशे.

रेवा अजून तिथेच होती. तिचं मराठी शब्द शोधत चालतं, पण त्या दिवशी ती फार शोधत बसली नाही. "काका, लास्ट इयर बरक्याला पाणी मागे ठेवलं होतं?"

"मागेच की," हेमंत तळहात पुसत म्हणाला. "चहा केला ना आपण तिथे. आणि तो बर्फाचा मोठा खोका पण. मीच चढवला एकट्याने, कुणी हात लावायला तयार नव्हतं." सांगताना त्याला थोडा अभिमानही होता. मग आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघून तो थांबला.

"म्हंजे सुरमयेन गाडी उलटी केल्यान," सावंत म्हणाला, आणि सगळे हसले. हेमंतही हसला, सुटल्यासारखा. तो प्रसंग तिथे हसण्यावारी जाणार होता. मी जाऊ दिला नाही.

"हिच नीट लावली होती, हेमंत."

"अरे हो रे बाबा, लावली असेल. सोड ना आता."

"असेल नाही. होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बहुधा तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की मी वर्षभर हसत नव्हतो. "होती," तो म्हणाला. सगळ्यांच्या समोर, जरा हळू.

"ऐकू आलं नाही मागे," मी म्हणालो.

"नीट लावली होती. झालं?"

मग मी त्यालाच वाटी गोळ्यावर बसवायला लावली. तो गुडघ्यावर, मी उभा. खटका? लागला. पिन? घातली. साखळ्या? लावल्या. फुलीसारख्या लावल्यास का? त्याने त्या काढून पुन्हा फुलीसारख्या लावल्या. त्याच्या पांढऱ्या पँटला वाळू आणि काळं ग्रीस लागलं. मला ते पाहून बरं वाटलं, आणि आज इतक्या वर्षांनी लिहितानाही बरं वाटतं आहे.

लोक सांगतात की सूड घेतल्यावर माणसाला पोकळ वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. रेवा आता पुण्याला शिकते, हेमंत अजून इथेच आहे, ट्रेलर अजून त्याच्याच गाडीला लागतो, आणि दर हिवाळ्यात निघायच्या सकाळी तो मला फोन करून म्हणतो, "विनायक, जरा बघून जातोस का?" विन्या म्हणणं त्याने सोडलं आहे. मी जातो. तो गुडघ्यावर बसतो, मी विचारतो, तो उत्तरं देतो. आता ती रीतच झाली आहे, लोकांना त्यात काही वावगं दिसत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. त्याने माफी मागितलीही नाही, आणि मागितली तर काय करायचं ते मी ठरवलेलं आहे.

पण काच कोरडी दिसते त्या सकाळी मला गुडघ्यावरचा हेमंत आठवतो तसं त्यानंतरचंही आठवतं. सगळे गाड्यांकडे पांगले. मी माझ्या गाडीत बसलो, शेजारच्या सीटवरची चिवड्याची पिशवी उचलून मागे माधवीकडे दिली, सीट हाताने झटकली आणि पलीकडचं दार आतून उघडून ठेवलं. रेवा आली. दाराला टेकून वाकली. तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं काहीतरी होतं, एकदम मोकळं.

"बाबा, तू चेक केलंस ना सगळं? त्यांच्या गाडीचं?"

"केलं."

"प्रॉपर?"

"हो."

"मग मी तिकडेच बसते," ती म्हणाली. "सानिका वेट करतेय. आता भीती नाही वाटत." तिने दार लावलं, नीट, आवाज ऐकून, आणि पळत गेली.

माधवीने मागून विचारलं, "मी येऊ का पुढे?" मी नको म्हणालो.

हेमंतची गाडी निघाली, मी तिच्या मागे. मधे ट्रेलर होता, रुंद, पांढरा, गाडीपेक्षा उंच. त्याच्यामुळे मला पुढच्या गाडीतलं काही दिसत नव्हतं. कोण कुठे बसलंय, कोण हसतंय. दिसत होतं ते फक्त ट्रेलरचं बंद मागचं दार आणि त्याचे दोन दिवे. मोठ्या रस्त्यावर हेमंतने वेग धरला. शंभर झाले. ट्रेलर सरळ रेषेत चालला होता, तसूभरही हलत नव्हता. मी बरक्यापर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.